रक्त किती? असा प्रश्न विचारणारा डॉक्टर : विल्यम हार्वे



डाव्या हाताच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, उजव्या हाताची दोन-तीन बोटं हलकेच ठेवा. लागली नाडी? प्रत्येक ठोक्याबरोबर हृदयातून निघालेलं रक्त बोटांकडे धावतंय. आता मला सांगा, बोटांपर्यंत पोहोचल्यावर त्या रक्ताचं पुढे काय होतं?

तुम्ही लगेच सांगाल की ते शिरांमधून परत हृदयाकडे येतं. शाळेच्या पुस्तकात आकृतीसकट दिलेलं आहे ते. पण चारशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न युरोपातल्या मोठमोठ्या डॉक्टरांना विचारला असता, तर त्यांचं उत्तर चुकलं असतं. आणि गंमत म्हणजे ते चुकीचं उत्तर जवळजवळ १४०० वर्षं बरोबर म्हणून शिकवलं जात होतं. ते ज्यांनी बदललं, त्या विल्यम हार्वे यांची आज ओळख करून घेऊ.

बालपण आणि शिक्षण

विल्यम हार्वे यांचा जन्म १ एप्रिल १५७८ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील फोकस्टन या गावी झाला. वडील थॉमस हे व्यापारी. पुढे ते गावाचे महापौरही झाले. नऊ भावंडांत विल्यम सगळ्यांत थोरला. पाठचे बरेचसे भाऊ व्यापारात शिरले, विल्यम मात्र पुस्तकांकडे वळला. कँटरबरीच्या किंग्ज स्कूलमध्ये शिकून तो केंब्रिजला गेला आणि १५९७ मध्ये पदवीधर झाला.

वैद्यकाचं उत्तम शिक्षण तेव्हा इटलीत मिळायचं, म्हणून विल्यम पादुआ विद्यापीठात दाखल झाला. त्याच काळात तिथे गॅलिलिओ गणित शिकवत होते. शरीररचनाशास्त्र शिकवायला होते फॅब्रिशियस. शवविच्छेदन सगळ्या विद्यार्थ्यांना नीट दिसावं म्हणून तिथे गोल, उतरत्या पायऱ्यांचं एक खास सभागृह बांधलेलं होतं. अगदी विहिरीच्या काठावर उभं राहून खाली डोकावावं तसं. ते आजही पादुआत पाहायला मिळतं.

फॅब्रिशियस यांनी शिरांच्या आत असलेल्या छोट्या छोट्या झडपा विद्यार्थ्यांना दाखवल्या. त्यांच्यावर पुस्तकही लिहिलं. पण या झडपा कशासाठी आहेत, याचं त्यांनी दिलेलं उत्तर चुकलं. हातापायांत रक्त जास्त साचू नये म्हणून झडपा त्याचा वेग कमी करतात, असं त्यांना वाटायचं. विल्यमच्या डोक्यात मात्र त्या झडपा घर करून राहिल्या. २५ एप्रिल १६०२ रोजी पादुआची पदवी घेऊन तो इंग्लंडला परतला.

तेव्हा लोक काय मानत होते?

हे नीट समजून घ्या, म्हणजे हार्वे यांनी केलं काय ते कळेल.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन नावाचे मोठे वैद्य होऊन गेले. त्यांच्या मते आपण खाल्लेल्या अन्नापासून यकृतात रक्त तयार होतं, शिरांमधून ते शरीरभर पसरतं आणि शरीर ते वापरून संपवतं. मग पुन्हा अन्न, पुन्हा नवं रक्त. आपल्याकडे पाटाचं पाणी शेतात सोडतात, ते जमिनीत मुरतं, परत विहिरीत येत नाही. तसंच काहीसं. हृदयाच्या उजव्या आणि डाव्या भागांमधल्या पडद्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं आहेत आणि त्यातून थोडं रक्त पलीकडे झिरपतं, असंही ते सांगत.

याआधी कोणाला शंका आली नव्हती असं नाही. तेराव्या शतकात इब्न अल्-नफीस या अरब वैद्यांनी लिहून ठेवलं होतं की त्या पडद्याला छिद्रं नाहीत, रक्त फुप्फुसांतून फिरून डाव्या बाजूला येतं. सोळाव्या शतकात युरोपातही सर्व्हेटस आणि कोलंबो यांनी फुप्फुसांचा मार्ग ओळखला होता. पण संपूर्ण शरीराचं कोडं सुटलेलं नव्हतं. पोथीत आहे म्हणजे खरंच असणार, हीच तेव्हाची रीत होती.

कामाला सुरुवात

१६०४ मध्ये हार्वे यांचं एलिझाबेथ ब्राउन यांच्याशी लग्न झालं. त्यांना मूलबाळ नव्हतं. एलिझाबेथबाईंनी एक पोपट पाळला होता आणि हार्वे यांनी त्याच्याविषयीही आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय! १६०९ मध्ये ते लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचे डॉक्टर झाले. गोरगरिबांसाठीचं हे रुग्णालय. आठवड्यातून किमान एक दिवस तिथे बसून रुग्ण तपासायचे, असं त्यांचं काम होतं. १६१५ मध्ये डॉक्टरांच्या संस्थेनं त्यांना शरीररचनेवर व्याख्यानं देण्यासाठी नेमलं. पहिली व्याख्यानं एप्रिल १६१६ मध्ये झाली. त्याच महिन्यात शेक्सपियर वारले, म्हणजे काळ कोणता ते तुमच्या लक्षात येईल. पुढे हार्वे राजे पहिले जेम्स आणि त्यांच्यानंतर राजे पहिले चार्ल्स यांचेही वैद्य झाले.

एवढा व्याप सांभाळून त्यांचं एक काम अखंड चालू होतं. हृदय पाहणं.

हृदय पाहणं वाटतं तितकं सोपं नाही. माणसाचं किंवा कुत्र्याचं हृदय इतक्या भराभर हलतं की कधी आकुंचन पावलं आणि कधी सैल पडलं तेच कळत नाही. हार्वे सुरुवातीला पार गोंधळून गेले होते. मग त्यांनी बेडूक, साप, मासे असे थंड रक्ताचे प्राणी निवडले. त्यांचं हृदय सावकाश चालतं. तेव्हा त्यांना स्पष्ट दिसलं की हृदय आवळतं, घट्ट होतं आणि रक्त बाहेर ढकलतं. त्याच क्षणी धमनी फुगते. म्हणजे हृदय हा एक स्नायूचा पंप आहे.

सापावर त्यांनी आणखी एक प्रयोग केला. हृदयाकडे येणारी शीर चिमटीत धरली, तर हृदय रिकामं होऊन फिकं पडलं. हृदयातून निघणारी धमनी धरली, तर हृदय तट्ट फुगलं. रक्त कुठून येतं आणि कुठे जातं, याची दिशा इथे ठरली.

एक साधा गुणाकार

आता मुख्य गोष्ट. हार्वे यांनी असा प्रश्न विचारला, जो आधी कोणी नीट विचारलाच नव्हता. रक्त किती?

एका ठोक्याला हृदयातून किती रक्त बाहेर पडतं? डाव्या निलयात साधारण दोन औंस रक्त मावलेलं त्यांना आढळलं होतं. पण कोणी आक्षेप घेऊ नये म्हणून त्यांनी मुद्दाम कमी आकडा धरला, अर्धा औंस. आजच्या मापात सुमारे १५ ग्रॅम. अर्ध्या तासात ठोके किती? तोही आकडा त्यांनी मुद्दाम कमी धरला, फक्त १०००. प्रत्यक्षात तो दुपटीहून जास्त असतो.

वही काढा आणि करा गुणाकार. १५ ग्रॅम गुणिले १००० म्हणजे १५ किलो. हे फक्त अर्ध्या तासात! चोवीस तासांत असे ४८ अर्धे तास, म्हणजे ७२० किलो.

आता विचार करा. गॅलेन म्हणतात तसं हे सगळं रक्त दररोज अन्नापासून नव्यानं तयार होत असेल, तर माणसाला रोज किती जेवावं लागेल? पोत्यांनी धान्य खाल्लं तरी भागणार नाही. दुसरा पुरावा त्यांना खाटकांकडून मिळाला. जनावराची धमनी कापली की पाव तासाच्या आत त्याच्या अंगातलं सगळं रक्त वाहून जातं, हे प्रत्येक खाटकाला ठाऊक होतं. म्हणजे शरीरात रक्ताचा साठा अगदी मोजका आहे.

साठा मोजका आणि हृदयातून जाणारं रक्त मात्र प्रचंड. याचा अर्थ एकच. तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरतंय. पाटाचं पाणी नव्हे हे, हे तर रहाटगाडगं! खाली गेलेली गाडगी फिरून वर येतात, तसं रक्त धमन्यांतून जातं आणि शिरांतून परत येतं.

आजची मापं सांगतो. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असतं. स्वस्थ बसलेलं असताना हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलतं. दिवसभरात साधारण ७००० लिटर. गच्चीवरच्या हजार लिटरच्या सात टाक्या रोज भरण्याएवढं काम ते मुठीएवढं हृदय करतं.

हातच्या काकणाला आरसा कशाला!

गणित पटलं नाही तर डोळ्यांनी पाहा, म्हणून हार्वे यांनी दंडावर पट्टी बांधण्याचा प्रयोग दाखवला. पट्टी खूप घट्ट बांधली की मनगटाची नाडी बंद होते आणि हात हळूहळू गार पडतो, कारण खोलवरची धमनी दाबली जाते. पट्टी थोडी सैल केली की धमनी मोकळी होते, पण वरवरच्या शिरा अजून दाबलेल्याच असतात. मग हात लाल होतो आणि पट्टीच्या खालच्या शिरा टरारून फुगतात. रक्त धमनीतून आत आलं, पण शिरेतून परत जाता येईना, म्हणून ते तिथे साचलं.

(घट्ट पट्टी बांधण्याचा प्रयोग घरी करू नका. तो वाचून समजून घ्यायचा आहे.)

शिरांच्या झडपांचं कोडंही इथेच सुटलं. घरात आजोबांच्या हातावर ठळक शिरा दिसत असतील तर त्यांच्या परवानगीने बघा. शिरेवर एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटानं तिथून कोपराच्या दिशेनं रक्त सरकवा. मध्ये झडप असेल तर तिथपर्यंतची शीर रिकामी राहते, वरचं रक्त मागे येत नाही. खालचं बोट उचललं की शीर खालून लगेच भरते. झडपा रक्ताला फक्त हृदयाच्या दिशेनं जाऊ देतात. मानेतल्या शिरांच्या झडपांचं तोंडही हृदयाकडेच, म्हणजे खालच्या बाजूला असतं. हातापायांत रक्त साचू नये एवढ्यासाठीच झडपा असत्या, तर मानेत त्यांचं काय काम? गुरू फॅब्रिशियस यांनी झडपा दाखवल्या, शिष्यानं त्यांचा अर्थ लावला.

पुस्तक आणि विरोध

हार्वे यांनी घाई केली नाही. नऊ वर्षांहून अधिक काळ ते आपल्या सहकाऱ्यांना हे प्रयोग दाखवत राहिले, त्यांच्या शंकांना उत्तरं देत राहिले. मग १६२८ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट येथून त्यांचं लॅटिन पुस्तक प्रसिद्ध झालं. प्राण्यांमधील हृदयाची आणि रक्ताची हालचाल हा त्याचा विषय. पानं अवघी ७२, कागद साधा, छपाईच्या चुका ढीगभर. पण वैद्यकशास्त्राच्या इतिहासातलं ते एक फार मोठं पुस्तक आहे.

कौतुक झालं का? छे! हार्वे यांचं डोकं फिरलं, असं लोक म्हणू लागले आणि त्यांच्याकडे येणारे रुग्ण कमी झाले. जेम्स प्रिमरोज या डॉक्टरांनी विरोधात पुस्तक लिहिलं. पॅरिसचे नामांकित प्राध्यापक रिओलां शेवटपर्यंत अडून बसले. १६३६ मध्ये हार्वे जर्मनीत गेले, तेव्हा हॉफमन नावाच्या प्राध्यापकांना त्यांनी समोर प्रयोग करून दाखवला. तरीही त्यांना पटलं नाही. विरोधाला हार्वे यांनी शिवीगाळीनं उत्तर दिलं नाही. रिओलां यांना त्यांनी उत्तर दिलं तेही १६४९ मध्ये, पुस्तक निघाल्यावर २१ वर्षांनी.

त्यांच्या सिद्धांतात एक कच्चा दुवा होता, तोही सांगायला हवा. धमनीतलं रक्त शिरेत नेमकं कसं जातं? ते हार्वे यांना दिसलं नव्हतं. तसा मार्ग असलाच पाहिजे, एवढं त्यांनी तर्कानं सांगितलं. १६६१ मध्ये इटलीच्या माल्पिगी यांनी सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात केसाहून बारीक वाहिन्या पाहिल्या. त्याच केशवाहिन्या. पण तोवर हार्वे यांना जाऊन चार वर्षं झाली होती.

स्वतः पाहण्याची सवय

१६३४ मध्ये लँकशायरमधल्या काही स्त्रियांवर चेटूक केल्याचा आरोप झाला. एका लहान मुलाच्या सांगण्यावरून त्यांना दोषी ठरवलं होतं. त्यांतल्या चार जणींची तपासणी राजाच्या आज्ञेनं हार्वे यांच्या देखरेखीखाली झाली. चेटकिणींच्या अंगावर विशिष्ट खुणा असतात, अशी तेव्हा समजूत होती. तसं काहीही आढळलं नाही. पुढे त्या मुलानंच आपण खोटं बोललो हे कबूल केलं.

दुसरी घटना १६४१ ची. आयर्लंडमधल्या एका उमरावाचा मुलगा लहानपणी पडला होता. बरगड्या मोडून जखम चिघळली आणि भरून येताना छातीला एक मोठं भोक राहिलं. त्यातून हृदयाची हालचाल दिसायची. हार्वे त्याला राजाकडे घेऊन गेले. दोघांनी त्याच्या धडधडत्या हृदयाला बोट लावून पाहिलं. तो तरुण अगदी शांत उभा होता. हृदयाला स्पर्श केलेला त्याला कळतही नव्हता! एवढी वर्षं प्राण्यांत पाहिलेली हालचाल हार्वे यांना जिवंत माणसात पाहायला मिळाली.

सगळ्यात मोठं दुःख

१६४२ मध्ये इंग्लंडमध्ये राजा आणि संसद यांच्यात युद्ध पेटलं. राजवैद्य म्हणून हार्वे राजाबरोबर राहिले. ते लंडनबाहेर असताना त्यांच्या राहत्या जागेवर सैनिकांनी धाड घातली. सामान लुटलं आणि कागदपत्रंही नष्ट केली. त्यात कीटकांच्या जन्मावर त्यांनी वर्षानुवर्षं केलेल्या नोंदी होत्या. पैसा गेला, पद गेलं, त्याचं त्यांना तितकंसं वाईट वाटलं नाही. पण त्या नोंदींचं दुःख शेवटपर्यंत राहिलं. तुमच्या वहीतली चार पानं फाटली तर कसं वाटतं? इथे तर अनेक वर्षांचं निरीक्षण गेलं होतं.

म्हातारपणी ते भावांकडे राहिले. सांधेदुखीच्या आजारानं छळलं, पण वाचन सुटलं नाही. १६५१ मध्ये प्राण्यांच्या जन्माविषयीचं त्यांचं दुसरं मोठं पुस्तक निघालं. डॉक्टरांच्या संस्थेला त्यांनी ग्रंथालय दिलं. संस्थेनं अध्यक्षपद देऊ केलं, ते वयाचं कारण सांगून त्यांनी नाकारलं.

३ जून १६५७ रोजी सकाळी ते बोलायला गेले, तर जीभच साथ देईना. पक्षाघाताचा झटका आला होता. त्याच दिवशी, वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. मेंदूच्या रक्तपुरवठ्यातला बिघाड म्हणजे पक्षाघात. ज्यांनी रक्ताचा मार्ग शोधला, त्यांचा मृत्यू त्याच मार्गातल्या बिघाडानं झाला. त्यांचा रक्तदाब किती होता, हे कोणालाच माहीत नव्हतं. तो मोजायचं साधनच तेव्हा नव्हतं.

आपल्या घराशी याचा काय संबंध?

इथेच धड्याचा खरा मुद्दा आहे. हार्वे यांच्यानंतर १७३३ मध्ये स्टीफन हेल्स यांनी घोड्याच्या धमनीला काचेची नळी जोडल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. नळीत रक्त ८ फुटांहून उंच चढलं होतं. १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधायची हवेची पट्टी तयार केली. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोटकॉव्ह यांनी स्टेथोस्कोपनं ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे मोजायची पद्धत दिली. दवाखान्यात दंडाला पट्टी बांधून आवळतात आणि मग सैल करतात ना? हार्वे यांनी दाखवलेल्या प्रयोगाचंच हे पुढचं पाऊल समजा.

हार्वे यांना न मिळालेली सोय आज गावच्या आरोग्य केंद्रातही आहे. तिचा आपण वापर करतो का?

रक्तदाब मोजा. १२०/८० च्या खाली असेल तर चांगला. १४०/९० किंवा त्याहून जास्त वारंवार येत असेल तर उच्च रक्तदाब. बहुतेकांना तो जाणवतच नाही. डोकं दुखत नाही म्हणजे रक्तदाब ठीक आहे, ही ऐकीव गोष्ट झाली. ३० वर्षांवरील लोकांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. गोळी चालू असेल तर बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं बंद करू नये.

चाला. पायांतलं रक्त वर चढवायला पोटऱ्यांचे स्नायू मदत करतात. स्नायू आवळला की शीर दाबली जाते आणि झडपांमुळे रक्त वरच जातं. तासन् तास बसून राहिलं की ही मदत थांबते. मोठ्या माणसांनी आठवड्यात किमान १५० मिनिटं भरभर चालावं. तुम्ही मुलांनी तर रोज तासभर मैदानावर खेळायलाच हवं.

मीठ कमी करा. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर मीठ पुरे. यात भाजी-आमटीतलं, लोणच्या-पापडातलं आणि पाकिटातल्या वेफर्समधलंही मीठ आलं. ताटात वरून मीठ वाढून घेणं आधी थांबवा.

तंबाखू नको. विडी-सिगारेट, गुटखा, मशेरी, सगळंच हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना घातक.

लक्षणं ओळखा. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं ही पक्षाघाताची लक्षणं. छातीत दडपण, दरदरून घाम, हातात किंवा जबड्यात कळ ही हृदयविकाराच्या झटक्याची. पित्त झालं असेल, गॅस असेल म्हणत वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा. इथे एकेक मिनिट मोलाचं असतं.

करून पाहा

१. शांत बसून एक मिनिट स्वतःची नाडी मोजा. मग ३० उड्या मारून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा. पूर्ववत व्हायला किती मिनिटं लागली तेही लिहा.

२. घरातल्या एका मोठ्या माणसाची नाडी मोजा. तिला ७० मिलिलिटरनं गुणा, मग ६० नं आणि मग २४ नं. त्यांचं हृदय दिवसाला किती लिटर रक्त ढकलतं ते काढा.

३. त्याच माणसाला विचारा की रक्तदाब शेवटचा कधी मोजला आणि किती होता. आकडा आठवत नसेल किंवा कधीच मोजला नसेल, तर या आठवड्यात त्यांच्याबरोबर आरोग्य केंद्रात जा आणि तो आकडाही वहीत लिहून आणा.